डोहावर ऐकलेलं नाव

नांदरवाडी, आष्ट्याजवळ
१८ फेब्रुवारी २०२५

चि. वीरधवल यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तिकडे थंडी फार असेल. आईनं तुझ्यासाठी लोकरीची टोपी विणायला घेतली होती, ती अर्धीच पडून आहे. इकडे ऊस तुटून गेला, खोडव्याला पाणी सुरू आहे. आबांचा गुडघा ठीक. ते माझ्याशी बोलत नाहीत. का, ते खाली लिहिते.

फोनवर हे होत नाही. मी विषय काढला की तुझी रेंज जाते. म्हणून कागद घेतला.

चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. फौजी वर्दीतला फोटो आणि खाली 'वारणामाईचा रक्षक'. ढाबेवाल्या नानासोनं लावलाय. तू सुट्टीवर आलास की सत्कार करायचा त्याचा बेत आहे. शाळेत जाताना मला त्या फ्लेक्सखालून जावं लागतं आणि रोज अंगाची आग होते.

ताईला मासे मारणाऱ्यांचा पुळका आलाय असं म्हणू नकोस. देवळाखालच्या डोहात आपल्या गावानं कधी जाळं टाकलेलं नाही. तिथले खडस मासे पोरांच्या हातातले चुरमुरे खायचे. कुणीतरी जिलेटिन टाकून ते उडवायला लागलं, तेव्हा पहिला अर्ज मीच दिला. चौकीवर गेले, मत्स्य खात्यात गेले. 'माणूस पाठवतो' म्हणाले. माणूस काही आला नाही. पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे, त्यात बोटाएवढी पिल्लंसुद्धा! ते बघून मीच तुला म्हणाले होते, 'तुझी सुट्टी आहे तोवर काहीतरी कर.' हे मी विसरलेले नाही.

त्या सकाळी धमाका झाला आणि तुम्ही सगळे उसातून धावलात. मीही मागोमाग आले. जिलेटिन पेटवणारा पळाला होता. वाळूत सापडले हरिबा आणि त्याची बायको रंगुबाई. कवठे महांकाळकडून ऊसतोडीला आलेली जोडी, पोत्यात मासे भरत होती.

तू हरिबाच्या थोबाडीत पहिली दिलीस तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? रंगुबाई नवऱ्याकडे धावली, तर तिचे दोन्ही हात मी मागून धरले. घट्ट धरले. तिच्या बांगड्या माझ्या तळहातात फुटल्या.

'बांधा आणि चौकीवर न्या,' असं मागून कुणीतरी म्हणालं. तेवढ्यावर थांबला असतास, तर आज त्या फ्लेक्सला मीसुद्धा हार घातला असता. पण तू विचारत राहिलास, 'कुणी पाठवलं? नाव सांग!'

आणि त्यानं सांगितलं.

'नानासो मालकानं धाडलंय, सायब. जिलेटिन त्येचंच हाय, हीर फोडायला म्हणून आणल्यालं. आमी निस्तं मासं गोळा करतो. त्यो बगा, थितंच हुबा हाय!'

नानासो तिथंच होता. 'हाणा, हाणा' असं सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडत होता. तू वळून त्याच्याकडे पाहिलंस. मी तुझ्या तोंडाकडे पाहत होते, वीर. तुला ते पटलं होतं. त्याच्या ढाब्यावर बसून इतकी वर्षं तू मासे खाल्लेस, ते कुठून येतात हे तुला त्या क्षणी कळलं. आणि तू काठावरच्या होडीतलं वल्हं उचललंस. 'खोटं बोलतोस?' म्हणालास आणि हरिबाच्या उजव्या हातावर घातलंस.

नाव ऐकेपर्यंत तू त्याला शिक्षा करत होतास. नाव ऐकल्यावर त्याचं तोंड बंद करत होतास. आम्हा सगळ्यांना तो एकच मार वाटला, कारण आम्हाला तसंच वाटून घ्यायचं होतं. कायदा येत नाही म्हणून आपण उतरलो ना? गरिबाला धरतो, मोठ्याला सोडतो, म्हणून त्याच कायद्याला शिव्या देतो ना? मग आपण त्या वाळूत वेगळं काय केलं?

हरिबाची बोटं आता मिटत नाहीत. कोयता धरता येत नाही. सांगलीच्या दवाखान्यातून तो परत आला, तर मुकादमानं दोघांना टोळीत ठेवलं नाही. गावी जायच्या आधी रंगुबाई आपल्या दारात आली. मला वाटलं, शिव्या देईल.

'आवं बाई, मासं गोळा केलं ती आमची चूकच हाय,' ती म्हणाली. 'सजा द्याची हुती तर पोलिसात न्याचं हुतं, आमी गेलो असतो. पर तुमी मला का धरून ठिवलं? मी मधी पडली असती, तर हात वाचला असता त्येंचा.'

आई आतून म्हणाली, 'पाणी तरी पिऊन जा गं.' ती थांबली नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. मी चौकीवर जाऊन जबाब दिला आहे. तुझं नाव दिलं. वल्ह्याचं सांगितलं. हरिबानं नानासोचं नाव घेतलं आणि तू ते ऐकलंस, हेही सांगितलं. रंगुबाईला मी धरलं होतं, तेही लिहायला लावलं. हवालदार म्हणाला, 'बाई, स्वतःचं कशाला घालताय?' मी म्हटलं, 'झालंय तसं लिहा.'

हरिबावर मासे मारल्याचा गुन्हा आहेच. त्यानं तो कबूल केला. नानासोच्या गोठ्यात पोलिसांना वायर आणि जिलेटिनचं रिकामं खोकं सापडलं. परवाना मागितल्यावर तो वकील शोधत फिरतोय आणि मला वेड लागलंय असं गावात सांगतोय. डोहावर मात्र तेव्हापासून एकही धमाका झालेला नाही.

आबा एवढंच म्हणाले, 'सख्ख्या भावाच्या वर्दीवर उठलीस व्हय?' तेव्हापासून मी ताट वाढलं की उठून जातात.

चौकीचा कागद तुझ्या युनिटला येईल. झटापटीत लागलं असं सांग, म्हणून सुचवणारे पुष्कळ भेटतील. तशी साक्ष द्यायला अर्धं गाव तयार आहे, नानासो सगळ्यांच्या पुढे. त्या साक्षीवर तू सुटशीलही. मग आयुष्यभर त्याचा मिंधा राहशील.

रजा काढ आणि ये. त्या सकाळी तू कुणाचं नाव ऐकलंस, ते तुझ्या तोंडानं सांग. नोकरीचं काय होईल, मला माहीत नाही. तारखेला मी तुझ्या शेजारी उभी असेन, कारण तिथं माझंही नाव पुकारतील. राग निवल्यावर लिहावं म्हणून थांबले होते. तो निवेना, म्हणून तसंच पाठवते आहे.

तुझ्याविरुद्धची साक्षीदार, आणि तरीही तुझीच ताई,
राजेश्वरी