अनारसे रोखल्याबद्दल

महाल, नागपूर
अधिक श्रावण, १९७७

चि. चंद्रभानराव जावईबापू यांस गोपाळराव यांचे अनेक आशीर्वाद. आपली व चि. देवकीची प्रकृती ठणठणीत असावी. (आमची का नाही, ते खाली येईलच.)

आणीबाणी उठल्यावर आम्ही नागरिक हक्क समिती काढली, मी अध्यक्ष, हे देवकीने सांगितलं असेलच. सरकारी अन्याय झाला तिथे जायचं, पाहायचं, विचारायचं आणि शिफारस करायची. हुकूम सोडायचा नाही. (तुमच्या सासूबाई म्हणाल्या, "एवढे अधिकार तर तुमाले घरात लग्नापासून आहेत.") पहिली तक्रार पंचफुलाबाईची. तिचा नवरा धोंडबा, पोती उचलणारा हमाल, सायकलचोरीच्या संशयावरून धरला. चोवीस तासांत कोर्टापुढे न्यायचा, तो आठवडा उलटला तरी कोठडीत, आणि कोठडी तुमच्या ठाण्याची. सभासद म्हणाले, जावयाच्या भानगडीत अध्यक्षांनी पडू नये. मी म्हटलं, मीच जाणार.

गेलो. तुम्ही दौऱ्यावर. अधिक महिन्यात सासरा दारात आला म्हणजे जावयाला वाण द्यायलाच, अशी तुमच्या जमादाराची खात्री. मी कोठडी दाखवा म्हणतोय, तर तो "सायबाचे सासरे होत, चहा आना गा!" म्हणून ओरडतोय. मी कायदा सांगतोय, तो विचारतोय, तेहतीस अनारसे घरी तळले की हलवायाकडून आणले? शेवटी मला जीपमध्ये बसवून घरपोच केलं. दारात पंचफुलाबाई वाट पाहत होती. तिने पोलिसांची जीप पाहिली, तीतून उतरणारा मी पाहिला आणि पाठ फिरवून निघून गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला.

तेव्हा समितीने ठराव केला आहे: ज्याची चौकशी चालू, त्याच्याकडे अध्यक्षाच्या घरून अनारसे जाणार नाहीत. डबा कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे. जावयाचा मान राखता येत नाही याने जीव तुटतो, पण इलाज नाही.

आपला,
गोपाळराव

ता. क. धोंडबाला कोर्टापुढे उभा करा, नाहीतर सोडा. ही सासऱ्याची गळ नव्हे, समितीची शिफारस आहे. ऐकली नाहीत तर पुन्हा येईन, आणि कोठडी पाहिल्याशिवाय हलणार नाही.

आणखी ता. क. पत्र पोस्टात टाकायला निघालो तर तुमच्या सासूबाईंनी अडवलं; पत्र त्याच तुमच्या हाती देणार आहेत, आणि किल्ली घेऊन अनारशांचा डबाही त्यांनी काढला. पंचफुलाबाईला बरोबर घेऊन त्या पहिल्या एसटीने येत आहेत. म्हणाल्या, "जावयाचा मान जावयाले देईन, पन आधी धोंडबाले कोठडीत जाऊन खाऊ घालीन. मले कोन अडवते ते पाहू." तुम्ही हे वाचताय म्हणजे त्या समोर उभ्या आहेत. त्या समितीच्या सभासद नाहीत. नुसती शिफारस करून थांबायचं बंधन त्यांच्यावर नाही.