लांबी भरलेलं हेल्मेट

ता. ६ फेब्रुवारी

ती. दादा, सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं हेल्मेट पोचलं. गेल्या वर्षी तू मोटारसायकलवरून पडलास तेव्हा हेच डोक्यावर होतं, हे सांगूनही कोणाला खरं वाटत नाही. चांगली बोटभर चीर होती, ती कुठे गायब केलीस रे? गॅरेजमधला रंगारी भाऊ असावा तर असा!

तुझी भाची ठमी ते घालून स्कूटरवरून दवाखान्यात कामाला जाते आणि स्वतःला राणीसरकार समजते. आधी हेल्मेटवरून रोज आमची जुंपायची, आता न सांगता घालते. मी अगदी निर्धास्त आहे.

लोभ आहेच, पत्रं मात्र वाढव.

तुझी चिमी

ता. १५ फेब्रुवारी

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन लागेना, म्हणून बसच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देतोय. आधी ते हेल्मेट ठमीकडून काढून घे.

काल गॅरेजमध्ये एक ठोकलेली स्कूटर आली. हँडलला हेल्मेटचे दोन तुकडे बांधलेले. उचलून बघतो तर फुटलेल्या कडेला माझीच लांबी, पत्र्याच्या खळग्यात भरतो ती पुट्टी! आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याचं हेल्मेट. गेल्या महिन्यात मीच चीर बुजवून, रंगवून दिलेलं. तो अजून शुद्धीवर नाही. त्याची बायको मला विचारत होती, हेल्मेट तर होतं ना भाऊ, मग असं कसं झालं? मी मान खाली घालून तिथून निघालो.

गाडीच्या पत्र्याचा पोचा बुजवावा तसं मी हेल्मेट बुजवत होतो. एकदा जोरात आपटलं की आतलं थर्माकोल दबतं, मग ते डोकं वाचवत नाही, हे आज हेल्मेटच्या दुकानदाराने सांगितलं. पंचवीस वर्षं रंग मारतोय आणि अक्कल आज आली. फोडून टाक ते.

आशीर्वादाला हात उचलत नाही, तरी देतो.

दादा

ता. १६ फेब्रुवारी

ती. दादा, सा. न. वि. वि.

पत्र हातात पडलं तेव्हा ठमी स्कूटर घेऊन गेलेली. दोन तास मी फाटक धरून उभी होते. स्कूटरचा आवाज आला की रस्त्यावर धावायची. ती हसत आली. मी आधी तिला एक ठेवून दिली, मग मिठी मारली. हेल्मेटवर हातोड्याचा एकच घाव घातला, तर तू बुजवलेल्या जागीच उकललं. तिला लगेच नवं घेऊन दिलं.

तुझ्यावर खूप चिडले होते. पण त्या बाईपुढे तू कसा उभा राहिला असशील, हे डोळ्यांपुढून हलत नाही. तिला खरं सांग, दादा.

ठमीने एक विचारलं, ते जसंच्या तसं लिहिते. मामाने अशी आणखी किती रंगवून दिली? ती आज कोणाकोणाच्या डोक्यावर आहेत?

मला उत्तर लिहीत बसू नकोस. घरोघर जा.

रागासकट तुझीच,
चिमी