नरेनला दिलेली गोधडी

आये,

तुला जयभीम. चिठ्ठी तुला वाचून दाखवते म्हणून श्वेतालापण.

मी मनालीला खुशाल आहे. आमची बस म्हणजे चाकांवरचं घरच, आत पलंग, शेगडी, सगळं आहे. गरम हवेच्या नळ्यांत धूळ साचली होती, ती काल काढली. खळ्यावर भात उपणतो तशी मागनं हवा मारली, तर सगळी धूळ पाहुण्यांच्या गाद्यांवर. शेठ खूप बोलला. मग एकेक नळी खोलून पुसली. आता पाहुणे उबेत झोपतात.

मी पुढं ड्रायव्हरच्या सीटवर झोपतो. तिथवर नळी येत नाय. पण थंडी वाटत नाय, काळजी करू नको.

तुझा गुडघा कसा आहे? नरेन तेल चोळून देतो, का नुसता जेवून झोपतो?

श्वेता फोनवर म्हणाली, तुझ्या लुगड्यांची माझी गोधडी तू नरेनला दिलीस. दिलीस तर दिलीस, धाकटा आहे. लहानपणी दुधावरची सायपण त्यालाच होती. पण सापगावात कसली थंडी गो? पंखा लावून झोपतो तो.

तुझं एखादं जुनं लुगडं पाठव. शिवत बसू नको, तसंच पाठव. नरेनला सांगू नको, नायतर तेपण मागेल.

तुझा थोरला,
महेंद्र