परत पाठवलेलं शपथपत्र

हॅडली कोव्ह, मेन
शनिवार, १३ जानेवारी २०१८

प्रिय ऱ्होडाआई,

तुमचं दुखणं आता कसं आहे? तुमच्या लेकीने, जोआनने आणून दिलेली काठी तुम्ही दाराआड उभी करून ठेवता आणि पाहुणे आले की भिंतीला धरून चालता, असं ती फोनवर सांगत होती. असं करू नका. खुब्याचं हाड एकदा सांधलं म्हणजे कायमचं सांधलं असं नसतं. इथे थंडी कडक आहे. खाडीच्या काठाला बर्फाने साय धरली आहे. तुम्ही शिकवलंत तसा स्वयंपाकघरातला नळ थेंबथेंब चालू ठेवते, त्यामुळे पाईप अजून फुटलेले नाहीत. लायब्ररीतल्या पर्लने तुमची आठवण काढली. ती म्हणाली, "ऱ्होडाला सांग, तिच्याशिवाय या गावात भांडायला माणूस उरलेलं नाही."

तुमचं शपथपत्र मंगळवारी मिळालं. नोटरीकडे जायला तुम्ही बर्फातून, त्या पायाने, जोआनच्या गाडीत चढलात. मी तुमची दोन्ही पानं किती वेळा वाचली ते सांगत नाही. आणि ती मी या पत्रासोबत परत पाठवते आहे. कृपा करून रागावू नका. तुमची त्यात काही चूक नाही. दुसऱ्या पानावर, वरून चौथं एक वाक्य आहे, तेवढ्यामुळे मला ते वापरता येत नाही.

आधी अर्जाचं सांगते, म्हणजे नीट कळेल. माझं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, अटीवरचं आहे. ते नऊ एप्रिलला संपतं. त्याआधीच्या नव्वद दिवसांत नवरा-बायकोने मिळून अर्ज करायचा, की आमचं लग्न खरं आहे, केवळ कार्डासाठी केलेलं नाही. सोबत पुरावे जोडायचे. मग अट काढतात. ते नव्वद दिवस या मंगळवारीच सुरू झाले. पुराव्यांची माझी फाइल चार बोटं जाड झाली आहे. पर्लने छापून देता देता विचारलं, "बाई गं, हे लग्न आहे की खुनाचा खटला?"

जोआन विचारत होती, वकील का करत नाहीस. मी तिला म्हटलं, सूचना स्पष्ट आहेत, मी शिकलेली आहे, माझ्या गावी, ब्रइलाला, पंधरा वर्षं शाळेत भूगोल शिकवला, चौदा पानांच्या सूचना वाचणं मला जड नाही. हे सगळं खरं आहे. तरी कारण ते नव्हतं. वकिलाने पहिल्याच भेटीत एक प्रश्न विचारला असता, आणि मला त्याचं उत्तर कुणासमोर मोठ्याने द्यायचं नव्हतं.

तुमचं वाक्य असं आहे: "माझा मुलगा एल्डन आणि माझी सून इलिंका माझ्या घरात एकत्र राहतात, आणि दर रविवारी फोनवर मला त्यांची खुशाली कळते."

एल्डन इथे राहत नाही, आई.

हे वाक्य लिहून मी उठले, भांडी घासली, आणि परत बसले. आता पुढचं लिहिते.

तो तेवीस सप्टेंबरला गेला. पलीकडच्या बंदरात इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या माडीवर राहतो. तब्येत चांगली आहे. दुसरी बाई वगैरे काही नाही. खरं सांगायचं तर ती असती तर मला सोपं गेलं असतं, तिच्या नावाने बोटं मोडता आली असती. तुम्हाला गावातल्या कुणी सांगितलं नाही याचं नवल मानू नका. इथली रीत तुम्हीच मला शिकवलीत. कुणाच्या दारात कुणाची गाडी उभी नाही हे सगळ्यांना दिसतं, आणि सगळे हवेबद्दल बोलतात. त्यानेही सांगितलं नाही. आम्ही तसं काही ठरवलं नव्हतं. त्याने ते माझ्यावर सोडलं आणि मी त्याच्यावर.

तुम्ही रविवारी विचारायचात, "आहे का तो? दे फोन." मी म्हणायचे, बोटीवर आहे. ऑक्टोबरमध्ये ते चाललं, शेवंडी धरायचा भर हंगाम. नोव्हेंबरमध्ये म्हटलं, सापळे वर काढतोय. डिसेंबरात तुम्ही म्हणालात, "आता तर सापळे अंगणात रचले असतील. जिभेला काय बर्फ धरलाय त्याच्या?" मी म्हटलं, शेडमध्ये आहे, सापळ्यांच्या तरंड्यांना रंग लावतोय, हात बरबटलेले आहेत. तुम्ही हसलात. "बापावर गेलाय. तोही रंगाच्या डब्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलायचा." मीही हसले. शेड रिकामी होती.

म्हणजे तुम्ही शपथेवर जे लिहिलंत ते तुमच्या बाजूने पूर्ण खरं आहे. खोटं मी तुमच्या हातात ठेवलं, आणि तुम्ही ते नोटरीपुढे नेलंत. तुमच्या वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी मी तुमच्याकडून खोटी शपथ लिहून घेतली.

मी असं का केलं? पहिलं उत्तर मनात तयार होतं: तुमचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, धक्का नको. ते तपासायला मी डायरी काढली. एक ऑक्टोबरच्या पानावर लिहिलं आहे, "ऱ्होडाआईला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी." दोन ऑक्टोबरला लिहिलं आहे, "अर्जाची मुदत उघडायला नव्व्याण्णव दिवस." दोन पानं लागोपाठची आहेत. मी मोजत होते. तेव्हा कार्डाचा विचार माझ्या गप्प बसण्यात अजिबात नव्हता, असं मी म्हणू शकत नाही. किती होता ते मला ठरवता येत नाही. पण आणखी एक कारण होतं आणि ते मी डायरीतही लिहिलेलं नाही. तुमच्या फोनमध्ये तो अजून घरी होता. आठवड्यातून वीस मिनिटं माझा संसार चालू असायचा. तुम्ही विचारायचात, त्याने जेवणात काय खाल्लं, आणि मी सांगायचे, मिरच्या-वांग्याचा तो आमच्याकडचा ठेचा आणि पाव, आणि सांगताना मला तो पाव मोडताना दिसायचा.

तो का गेला, हे तुम्ही विचारणारच.

लग्नानंतरच्या पहिल्या मुलाखतीत त्या अधिकाऱ्याने आमचे फोटो चाळले आणि विचारलं, "एवढेच?" चार होते. तो सभ्यपणे बोलला. कारखान्यात हंगामी कामाला आलेली चाळिशीची परदेशी बाई, इथला एकटा कोळी, आणि चार फोटो. बाहेरून ते कसं दिसतं हे मला त्या दिवशी दिसलं. तेव्हापासून मी सगळं जपायला लागले. दोघांच्या नावाची पाकिटं, दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी, किराण्याच्या याद्या. कुठेही गेलो की, "एल्डन, इकडे बघ." सुरुवातीला तो थट्टा करायचा. सापळा ओढता ओढता ओरडायचा, "थांब, या शेवंडीलाही फोटोत घे. साक्षीला येईल!" मग त्याने थट्टा करणं सोडलं. मला ते कळलं नाही. थट्टा थांबल्याची नोंद डायरीत नाही.

क्लाइडकाकांच्या दफनाच्या दिवशी मी तुमच्या भाच्याला माझा फोन दिला आणि थडग्यापाशी आमचा दोघांचा फोटो काढायला सांगितला. तुम्ही तेव्हा आपल्या हातमोज्यांकडे बघत होतात. तुम्हाला ते दिसलं होतं, हो ना? तुम्ही कधीच काही बोलला नाहीत. एल्डन उभा राहिला. त्या फोटोत तो सरळ माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्यात नाही, शेजारी माझ्याकडे बघतो आहे. मी तो फोटो फाइलमध्ये लावताना खाली लिहिलं, "कुटुंबातील अंत्यविधी, दोघेही हजर."

तेवीस सप्टेंबर माझा वाढदिवस. तो पहाटे चारला समुद्रावर गेला आणि दुपारी परत येताना माझ्यासाठी एक शुभेच्छापत्र घेऊन आला. दुकानातलंच, पण आत त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. काय ते मी इथे लिहीत नाही. तीन ओळी होत्या. तो माणूस तीन ओळी लिहिणारा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी वाचलं, मला रडू आलं, त्याच्या गळ्यात पडले, आणि म्हणाले, "मागे तारीख घाल ना. फाइलमध्ये लावते."

त्याने पेन घेतलं. तारीख घातली. मग विचारलं, "इलिंका, मी तुझा नवरा आहे की तुझा साक्षीदार?"

मी म्हटलं, "असं काय बोलतोस? हे आपल्या दोघांसाठीच करते."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर इतके दिवस उभा राहिलो."

संध्याकाळी त्याची गाडी गेली. आई, मला हे लग्न हातातून जाईल याची इतकी भीती होती, की मी ते रोज थोडं थोडं काढून फाइलमध्ये ठेवत गेले.

बुधवारी मी त्याला फोन केला. म्हटलं, मुदत सुरू झाली, अर्जावर सही लागेल. गुरुवारी आला. कोट न काढता खुर्चीच्या कडेला बसला, स्वतःच्या घरात.

"कुठे करू?"

"आधी वाच तरी."

"वाचलं तर वेळ लागेल. दाखव कुठे."

"पत्त्याचे चौकोन रिकामे आहेत. तुझा आणि माझा."

"दोन्हीत इथलाच घाल. कोण बघायला येतंय?"

"आणि मुलाखतीला बोलावलं, आणि विचारलं की तुम्ही एकत्र राहता का?"

तो टोपी फिरवत राहिला. "हो म्हणेन."

तुमचा मुलगा, आई. पितळी मापाला केसभर कमी भरलेली शेवंड तो परत पाण्यात टाकतो, आजूबाजूला मैलभर एक बोट नसताना. अंड्यांची मादी सापडली की पुढे कुणी धरू नये म्हणून शेपटीवर खाच पाडून, दोन्ही हातांत धरून सोडतो. फेकत नाही. तो माझ्यासाठी सरकारी माणसासमोर हो म्हणणार होता. मला ते सहन झालं नाही. सूचनांत असंही आहे की वेगळे राहत असलो तरी दोघांनी मिळून अर्ज करता येतो, पत्ते खरे लिहायचे. मी त्याला तेही सांगितलं. मग पुढे ते हमखास विचारतील, पुन्हा एकत्र येणार आहात का. म्हणून मीच विचारलं. अर्जासाठी विचारते आहे असं दाखवून.

"तू परत येणार आहेस का?"

त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "सही मागितलीस, ती देतो. हे नको मागूस."

मी अर्ज ओढून घेतला. तो म्हणाला, "वेडेपणा करू नकोस. परत पाठवतील तुला." मी म्हटलं, "पाठवणार नाहीत. दुसरा मार्ग आहे, मी वाचलं आहे." मग त्याने चहा घेतला. जाताना अंगणातल्या सापळ्यांवरची ताडपत्री घट्ट बांधून गेला.

दुसरा मार्ग असा. नवऱ्याच्या सहीशिवाय, एकटीने अर्ज करता येतो: लग्न खऱ्या मनाने केलं होतं, पण ते घटस्फोटाने संपलं. त्याला कोर्टाचा हुकूम जोडावा लागतो. आणि कोर्टात अर्ज टाकल्यावर किमान साठ दिवस हुकूम मिळत नाही. म्हणजे नऊ एप्रिलच्या आत तो हातात हवा असेल तर मला आता थांबता येणार नाही. दोन वर्षं थांबले असते. पाचही. तो कदाचित वसंतात आला असता, बोट पाण्यात उतरवायच्या दिवसांत, माणसं येतात. पण लग्न खरं होतं हे सरकारला पटवायचं तर ते मलाच, माझ्या हाताने, या महिन्यात मोडावं लागतं. मी तेवीस तारखेला, मंगळवारी, काउंटीच्या कोर्टात कागद देते आहे. एल्डनला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे. कागद घेऊन कुणाला पाठवू नकोस, मीच येऊन सही करतो."

मी परत ब्रइलाला का जात नाही, असंही तुम्ही विचाराल. मी स्वतःलाही विचारलं. तिथे माझं कुणी उरलं नाही हे एक. पण तसं गेले, तर त्या चार फोटोंकडे बघून त्या अधिकाऱ्याला जे वाटलं होतं, तेच खरं ठरेल. आणि ते खरं नव्हतं. एवढं एक मी शपथेवर सांगू शकते.

तुम्ही नवीन शपथपत्र लिहावं असं मी मागत नाही. लिहावंसं वाटलंच, तर तुम्ही ऑगस्टमध्ये जोआनकडे जाईपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत तेवढंच लिहा. त्यात आम्ही वाईट दिसलो तरी चालेल. आणि तुमच्या घराच्या किल्ल्या मी पर्लकडे ठेवायच्या की मार्च संपेपर्यंत राहू, ते कळवा. तुम्ही म्हणाल तसं करेन, आणि काहीही म्हणालात तरी मनात धरणार नाही.

कोर्टाच्या अर्जाची सगळी पानं भरून झाली आहेत. एकच चौकोन राहिला आहे. त्यात विचारलंय: लग्नाआधीचं नाव परत हवं आहे का? हो किंवा नाही. मी तो दोन दिवस कोरा ठेवला आहे. एल्डनला विचारलं तर तो म्हणेल, तुझं तू ठरव. पण आत्ताचं हे बील नाव त्याच्याआधी तुमचं आहे. तुम्ही ते त्रेपन्न वर्षं वागवलंत, आणि लग्नाच्या दिवशी मला म्हणालात, "घे, जड आहे, पण उबदार आहे." मला ते राहू द्यावंसं वाटतं. तुमची परवानगी असेल तरच. तेवीस तारखेच्या सकाळपर्यंत तुमच्या पत्राची वाट बघेन. नाही आलं, तर 'हो'वर खूण करेन.

तोपर्यंत, तुमची सून,
इलिंका बील