ज की झ

१२ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाबा दवाखान्यातून घरी आले. मेंदूचा झटका हलका होता, हातपाय चालतात. पण तोंडातून शब्द फुटत नाही. निघताना डॉक्टरीणबाईंनी घाईत आजाराचं नाव सांगितलं, अफेजिया. शेजारच्या मुलीच्या वैद्यकीय कोशात पाहिलं, तर अर्थ निघाला 'गिळता न येणे'! तेव्हापासून ही सगळं कुस्करून, गाळून, चमच्याने भरवते. बाबा तोंड घट्ट मिटून घेतात. काल तर वाटीच भिरकावली. जन्मभर मान खाली घालून कपडे शिवलेला माणूस गं! डोक्यावरही परिणाम झालाय की काय, या धास्तीने जीव टांगणीला लागलाय. तू शब्दकोशाच्या कचेरीत बसतेस. तुला काही उलगडतंय का?

माया पातळ करू नकोस.
तुझा ढब्बू

१६ जानेवारी

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

आधी रडले, मग कोश काढला. गाढवा, बाई 'झ' म्हणाल्या असतील, तू 'ज' ऐकलास! दोन्ही शब्द मुळात ग्रीक. सुरुवातीचा 'अ' आपल्या 'अशक्य'मधल्या 'अ'चा सख्खा भाऊ, म्हणजे 'नाही'. पुढे मात्र वाटा फुटतात. 'फागेन' म्हणजे खाणे, 'फासिस' म्हणजे बोलणे. अफेजियात घास अडतो, अफेझियात शब्द. एका अक्षरापायी तू बाबांच्या पोटावर पाय दिलास की रे! तरी माझ्या कोशावर विसंबून घास देऊ नकोस, आधी बाईंना गाठ. आणि बघ, या शब्दात बुद्धीचं नावही नाही. तेव्हा बाबांना सगळं कळतंय असं धरूनच त्यांच्यापुढे बोला.

सर्वांना जवळ घेते.
तुझी ताई

२१ जानेवारी

ती. ताईस सा. न.

अफेझियाच! बाईंनी पाणी पाजून, बिस्किट देऊन गिळणं तपासलं; ठणठणीत आहे. घरी येताच बाबांनी कडक भाजलेला पाव असा कुरकुरवला, की ही हसता हसता रडायला लागली. बाई म्हणाल्या, शब्द पुसले गेलेले नाहीत, हवा तो वेळेवर हाती लागत नाही एवढंच. म्हणून आता रोज बोलण्याचा सराव घेतो. पहिले दोन दिवस नुसतेच ओठ हलले. आज सकाळी मी दारातून आत आलो, तर बाबांनी माझ्याकडे बघून सगळा जोर लावला आणि मोठ्यांदा हाक मारली, 'कात्री'.

मी ओ दिली.

लवकर ये, तुलाही काहीतरी नाव मिळेल.
तुझाच ढब्बू