तुमचा गुरुवार मी घेतला

अहो,

मी वाणगावला दुधी आणायला गेलेय, अकरापर्यंत येते. मग इंजेक्शनला सोबतच जाऊ. चुलीशेजारी पेज झाकून ठेवलीय. कालच्यासारखी मोरीत ओतू नका. टायफॉइड तुम्हाला झालाय, मोरीला नाही.

सकाळी डोळा लागला तर स्वप्नात तुमचं पित्ताशय म्हणजे माझ्या माहेरची, सरावलीची विहीर झालेली. हिरवं, गप्प पाणी, तळाशी गाळ. काठावर तुम्ही उपाशी बसून पाण्याला म्हणताय, "हल की जरा!" पाणी कसलं हलतंय.

सोनोग्राफीत दिसलेला गाळ इंजेक्शनांमुळे आहे, ती संपली की बहुतेक आपोआप जाईल, असं डॉक्टर म्हणाले. पण पोट रिकामं राहिलं की पित्त साचतं. तेव्हा थोडं थोडं, वेळेवर खा. उपासाची तुपातली साबुदाणा खिचडीही नको. दाण्याच्या लाडवांचा डबा फळीवर चढवलाय आणि स्टूल शेजारच्या नयनाकडे ठेवून आलेय.

तुमचा गुरुवार मोडणार नाही. माझ्या ऑपरेशनपासून बारा वर्षं तो तुम्ही माझ्यासाठी धरलात, मला कळत नव्हतं असं वाटलं का? आज तो मी तुमच्यासाठी धरलाय. दत्ताला सांगून झालंय. तुम्ही पेज प्यालात तरच हा उपास मला लागू होईल, असंच ठरलंय आमचं.

निलम