टिपा नसलेलं पुस्तक

१४ मार्च, शनिवार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी चिठ्ठी मंगळवारी मिळाली. उत्तराला चार दिवस लागले, कारण सगळं आवरेपर्यंत हातात पेन धरायचं त्राण उरत नाही. वहिनीचा गुडघा कसा आहे? इकडे बाबांचं खाणं जरा सुधारलंय. डोळ्यांना आता उजेड-अंधार एवढंच कळतं, पण जीभ शाबूत आहे. काल मला म्हणाले, "तू चालतेयस की कपाट सरकवतेयस?"

तू लिहिलंस, "पुस्तक मिळालं. दोनशे पानांत मी कुठेच नाही. काय समजायचं ते समजलो." फोन करून तुला सांगणार होते की हा सगळा कॉम्प्युटरचा घोळ आहे. तसा तो आहेही.

पाणीखात्यातून निवृत्त झाल्यावर बाबा नऊ वर्षं हे पुस्तक टाइप करत होते. शहराच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास, कुठली पाइपलाइन कधी टाकली, कुठला व्हॉल्व्ह कुणी बसवला. सगळं जुन्या कॉम्प्युटरवर, जुन्या फॉन्टमध्ये. छापायचं म्हणून ती फाइल नव्या मशीनवर उघडली, तर अक्षरांच्या जागी नुसत्या टक्क्याच्या आणि डॉलरच्या खुणा. टायपिंगच्या दुकानातल्या बाईंनी फाइल बदलून दिली, पण आधीच बजावलं, "अक्षरं येतील. तक्ते मोडतील. पानाखालच्या टिपांचं काही सांगता येत नाही हं."

तसंच झालं. वेलांट्या एक घर पुढे सरकल्या, जोडाक्षरं फुटली, पाइपांचे व्यास आणि सालं एकमेकांत घुसली. चार महिने मी ते निस्तरत होते. बाबांना आंघोळ घालायची, जेवू घालायचं, ते आडवे झाले की बसायचं. एक्क्याऐंशी तक्ते हातानं पुन्हा भरले. मान अजून वळत नाही.

आणि टिपा आल्याच नाहीत. त्रेसष्टच्या त्रेसष्ट गळाल्या.

हे इथे थांबवलं तर खोटं एकही वाक्य नाही. पण खरंही नाही, दादा.

छापखानेवाल्यानं विचारलं होतं, "ताई, मजकुरात हे बारके आकडे कशाचे? खाली तर काहीच नाही." जुना कॉम्प्युटर घरात होता, चालू होता, टिपा त्यात दिसत होत्या. एक्क्याऐंशी तक्ते भरणारीला त्रेसष्ट टिपा जड नव्हत्या. मी म्हटलं, "आकडे काढून टाका."

कारण त्या टिपा मी वाचल्या होत्या. वरच्या मजकुरात पाइप आणि व्हॉल्व्ह, खाली टिपांत आपलं घर. एकोणीस टिपांत तू आहेस. तू पोहायला शिकलास ती टाकी, तुझी हरवलेली सायकल. मी एका टिपेत आहे. "हा तक्ता मुलीने लिहून दिला." अकरा वर्षं मी यांचं सगळं करतेय, आणि मी तक्ता लिहून दिला!

एक्केचाळिसावी टीप मोठ्या व्हॉल्व्हच्या पानावर आहे. जशीच्या तशी उतरवते: "हा बसवला त्या सकाळी मी थोरल्याला घराबाहेर काढले. खात्याचे नकाशे त्याने ठेकेदाराला दिले असे मी धरून चाललो. नकाशे दोन महिन्यांनी माझ्याच कपाटात सापडले. त्याला सांगायला गेलो नाही. लाज वाटली."

ही टीप तुझ्यापर्यंत पोहोचू नये असं मला वाटलं, असं नाही. मला काहीच वाटत नव्हतं. फक्त फार दमले होते, आणि तुझं नाव पुन्हा टाइप करायची इच्छा नव्हती. याला काय म्हणतात ते तू ठरव.

परवा मी बाबांना पुस्तक वाचून दाखवत होते. त्या पानावर आले तर म्हणाले, "थांब. टीप वाच."

"टिपा गेल्या, बाबा. फाइल बदलताना जातात."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मग म्हणाले, "बरं, लिहून घे. मी सांगतो." पण त्यांना आठवेना. व्हॉल्व्हचा नंबर आठवला, तारीख आठवली, तुझ्या शर्टाचा रंग आठवला. पुढे नुसते ओठ हलत राहिले. मला ते बघवेना. जुना कॉम्प्युटर लावला आणि टीप मोठ्यानं वाचली. मी खोटं बोलले होते हे त्यांना तिथेच कळलं असणार. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "त्यानं वाचलं का?"

मी "हो" म्हटलं. हे दुसरं खोटं. "तरी आला नाही तो," म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

म्हणून आज बसले. सगळ्या टिपा हातानं उतरवून सोबत जोडल्यात. अक्षर शेवटी शेवटी फार वाईट आलंय, सांभाळून घे. माझ्यावर रागाव, तो तुझा हक्क आहे. पण तू वाचूनही आला नाहीस असं ते समजून बसलेत, ते माझ्यामुळे, आणि त्यांना आता फार वेळ ताटकळवता येणार नाही.

दुपारी दोन ते चार ते जागे असतात. बेल वाजवू नकोस, दचकतात. दार नुसतं लोटलेलं असतं.

म्हणवून घ्यायची पात्रता उरली असेल तर,
तुझी बहीण